कपाटाची किल्ली मामांकडे असते

या महिन्यात मी लॅब सोडतेय. पाच पावसाळे झाले. थिसिस जमा केला, टेबल रिकामं केलं, कँटीनची उधारी फेडली. मॅडम म्हणाल्या, नवीन पोरं येणार आहेत, त्यांच्यासाठी काहीतरी लिहून ठेव. प्रोटोकॉलची हिरवी फाइल दुसऱ्या कप्प्यात आहे, ती वाचाच. तिच्यात नाही ते इथे लिहितेय. आमची लॅब विदर्भातली, वनशास्त्र विभागातली, त्यामुळे बोलणं सागाचंच निघणार. पण दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात जंगलातल्या कीटकांवर काम करायला निघाला असाल, तर झाड बदलेल, बाकी बरंचसं असंच असेल.

आधी वेळेचं. पहिल्या पावसाने सागाला कोवळी पालवी फुटते, तिच्यावर पतंग येऊन अंडी घालतात, दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, दहा-बारा दिवस खातात आणि कोषात जातात. अंड्यापासून पतंगापर्यंत सगळा कारभार साधारण तीन आठवड्यांत आटोपतो. आता आपल्या गाडीच्या मागणीपत्राला सह्या किती लागतात ते मोजा. माझ्या पहिल्या वर्षी वनरक्षकाचा फोन आला तेव्हा झाडं अळ्यांनी लगडलेली होती. गाडी मिळाली अकराव्या दिवशी. पोचलो तर पानांच्या नुसत्या शिरा उभ्या, आणि दुमडलेल्या पानांत रिकामे कोष. मी दिवसभर शिरा मोजून परत आले.

म्हणून गाडीचा अर्ज मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टाकायचा आणि तारखेच्या रकान्यात लिहायचं, ‘१५ जून ते १५ जुलै यांमधील कोणतेही दोन दिवस’. ऑफिसात आधी नाक मुरडतील. मग करतील. तीन वर्षं करताहेत.

कोणाकडे काय मागायचं

मॅडमकडे वेळ मागू नका, प्रश्न घेऊन जा. ‘मॅडम, एक किडा मिळालाय’ असा मेसेज टाकलात तर उत्तर येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. झाड कोणतं, झाडाचा कोणता भाग, किती झाडांवर, पान वरून खाल्लंय की खालून, आणि फोटोत शेजारी पट्टी ठेवलेली, एवढं पाठवलंत की दहा मिनिटांत फोन येतो, रात्री अकरालासुद्धा.

स्टोअरच्या बाबूंशी गोड बोला. स्पिरिट त्यांच्या ताब्यात. इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि प्रत्येक मिलिलिटरची नोंद वहीत होते. ‘साधारण पाव लिटर लागलं’ असं त्यांना चालत नाही. कुठल्या तारखेला कुठल्या कुप्यांत किती ओतलं ते लिहून नेलंत तर पुढची बाटली लगेच. नाहीतर ऐन जुलैत नमुने भिजवायला स्पिरिट नाही आणि बाबू रजेवर, असा योग येतो.

मामा म्हणजे आपले लॅब अटेंडंट. कागदोपत्री ‘परिचर’. काचेची भांडी धुतात, कपाटाच्या किल्ल्या सांभाळतात, एवढंच तुम्हाला पहिल्या आठवड्यात दिसेल. त्यांचं घर धिवर समाजातलं, गाव गडचिरोलीकडे. वडील, आजोबा कोसा काढायचे, म्हणजे येन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पोसायचे, आणि पाखरं, मुंग्या झाडाशी येऊ नयेत म्हणून दिवसभर राखणीला बसायचे. मामांनी लहानपणी ती राखण केलीय. जिवंत अळी कशी सांभाळायची हे आपल्यापैकी कोणालाही त्यांच्याएवढं कळत नाही, आणि ते आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं.

मी कसं विचारलं ते सांगते. दुसऱ्या वर्षी एका डब्यातल्या अळ्या एकाएकी खायच्या थांबल्या. मी घाबरून जुनी पानं काढली, नवी घातली, ब्रशने अळ्या उचलून नव्या पानावर ठेवल्या. मामा भांडी पुसत होते. तिथूनच म्हणाले, ‘तिले हात नोको लावू. कात टाकून राह्यली थे.’ मग जवळ येऊन दाखवलं. कात टाकायच्या आधी अळी पायांनी रेशमाच्या चटईला घट्ट धरून बसते, कातडी ताणून चकचकीत होते, आणि डोकं अंगाच्या मानाने अगदी लहान दिसू लागतं, जणू मोठ्या माणसाला पोराची टोपी घातलीय. अशा वेळी तिला चटईवरून उपटलं की जुनी कात अडकते आणि अळी मरते. माझ्या त्या डब्यातल्या निम्म्या अळ्या तशाच गेल्या. हिरव्या फाइलमध्ये याची एक ओळ आहे, ‘कात टाकताना अळ्यांना हाताळू नये’. ती ओळ मी वाचलेली होती, बरं का.

वनरक्षक ही दुसरी महत्त्वाची व्यक्ती. आपल्या प्लॉटच्या बीटवर, म्हणजे गस्तीच्या हद्दीत, हल्ली एक ताई आहेत. अळी पहिल्यांदा त्यांनाच दिसते, कारण त्या रोज फिरतात आणि आपण वर्षातून सहा वेळा जातो. त्यांना पहिल्या भेटीतच कक्ष क्रमांक (कक्ष म्हणजे जंगलाचा नंबर दिलेला तुकडा), प्लॉटच्या चार कोपऱ्यांचं लोकेशन आणि सागावरच्या दोन्ही अळ्यांचे (त्या पुढे सांगते) फोटो देऊन ठेवा. आणि एक करा जे आम्ही बरीच वर्षं केलं नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, ‘मागच्या साली नेलेल्या अळ्यांचं काय निघालं?’ मला सांगता येईना. आमच्याकडे त्याचा पेपर होता, इंग्रजीत. आता दर दिवाळीच्या आधी एक पान मराठीत लिहून त्यांना पाठवायचं ठरलंय: काय सापडलं, कुठल्या कक्षात जास्त होतं, पुढच्या वर्षी कशावर लक्ष ठेवायचं. ते पान आता तुमच्याकडे. चुकवू नका.

परवानगीचा अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावाने, विभागप्रमुखांच्या सहीने. परिक्षेत्र, कक्ष, कीटक, संख्या, तारखा, सोबतच्या माणसांची नावं. ‘विविध कीटक’ असं लिहिलेला अर्ज परत येतो, आणि बरोबरच येतो. काही फुलपाखरं वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती जाळ्यात आली तर फोटो काढून सोडायची.

दोन अळ्यांची ओळख

वनरक्षक ताईंना मी जे शिकवते तेच तुम्हाला.

पहिली, पानं खाणारी, हायब्लिया पुएरा. काळपट, कधी करडी, पाठीवर बहुधा नारिंगी रेघ. पानाच्या कडेला अर्धगोल काप घेते, तो तुकडा दुमडून रेशमाने चिकटवते आणि त्या खिशात बसते. रात्री बाहेर येऊन खाते. मुख्य शिरा सोडल्या तर पानाचं काही ठेवत नाही. ही कोवळ्या पालवीवर येते, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला. दुसरी पानाची जाळी करणारी, युटेक्टोना. हिरवट, अंगावर जांभळट पट्टे, पानावर बारीक जाळं विणून त्याच्याखाली राहते आणि शिरांच्या मधला हिरवा गर तेवढा खरवडते. पान पिंपळाच्या जाळीदार पानासारखं होतं. ती जून पानांवर, पावसाळा उतरणीला लागला की. बोट लावलंत तर झटकन मागे सरकते. पहिली त्या मानाने सुस्त.

जोराचा हल्ला असेल तर डोळ्यांआधी कानाला कळतं. पाऊस थांबलेला, वारा नाही, तरी खालच्या पाचोळ्यावर टपटप चालू. ती अळ्यांची विष्ठा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी छत्री उघडली होती.

रात्रीचा पडदा

पतंग बघायचे तर प्रकाशसापळा. पांढरी चादर दोन झाडांमध्ये ताणायची, पुढे मर्क्युरीचा १६० वॉटचा दिवा, जनरेटर वाऱ्याच्या उलट्या बाजूला आणि लांब. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडा. चांदण्यात चादर ओस पडते. ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र मिळाली तर सोनं. फुल बाह्यांचा शर्ट, कानात कापूस. कापसाला हसू नका. एका दादाच्या कानात भुंगा गेला होता आणि तो तालुक्याच्या दवाखान्यात जाईपर्यंत आत चालत होता.

काळ्या-केशरी पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट बारीक किडा मानेवर बसला तर चापट मारायची नाही. फुंकर मारून उडवायचा. तो चिरडला की अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि दुसऱ्या दिवशी कळतं. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्यांना लावू नका.

रात्री माणसं किमान तीन हवीत. एक चादरीपाशी, एक वहीपाशी, एक टॉर्च घेऊन आजूबाजूच्या जमिनीवर लक्ष ठेवायला, कारण किड्यांवर बेडूक येतात आणि बेडकांवर कोण येतं ते सांगायला नको. ड्रायव्हर काकांना गाडीत झोपू द्या. त्यांना रात्रभर जागवलंत तर सकाळी घाटात तुमचीच झोप उडेल.

पोसणं

अळ्या आणल्यावर पहिल्या रात्री झोपू नका, वाटून टाका. एका डब्यात पाचापेक्षा जास्त नको. सागाची डहाळी पाण्याच्या फ्लास्कमध्ये लावायची, आणि फ्लास्कचं तोंड कापसाने नीट बुजवायचं, नाहीतर अळ्या देठावरून खाली उतरतात आणि सकाळी पाण्यात तरंगताना दिसतात. पानं धुवा, पण कोरडी करून द्या. विष्ठा रोज काढा. रविवारीसुद्धा. अळीला रविवार नसतो, आणि हॉस्टेलवरून लॅबला चालत आठ मिनिटं लागतात.

एखादी अळी मागच्या पायांनी लटकून उलटी लोंबत असेल, अंग फिकं पडून लिबलिबीत झालं असेल, तर तो डबा ताबडतोब वेगळा करा. बहुधा विषाणू. कातडी फुटून आतलं पाणी पानावर पडलं की बाकीच्या तेच पान खातात आणि तीन-चार दिवसांत अख्खं शेल्फ बसतं. चिमटा आणि ब्रश सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, हात धुवा, आणि मगच दुसऱ्या डब्याला हात लावा. मेलेल्या अळ्या फेकू नका, कुपीत घालून तारीख टाकून फ्रीझरमध्ये. सागाच्या अळीचा हाच विषाणू केरळच्या वन संशोधन संस्थेने नियंत्रणासाठी वापरून पाहिलेला आहे, फवारणी करून. आपल्याला जे संकट वाटतं ते दुसऱ्याचं औषध असतं.

तसंच परजीवींचं. पहिल्या वर्षी माझ्या काही अळ्यांमधून तपकिरी, गुळगुळीत, तांदळाच्या दाण्याएवढ्या गोळ्या बाहेर पडल्या. अळी मेलेली, कोष झालाच नाही. मला वाटलं, डबा सडला. मी ते सगळं उचलून कचऱ्यात टाकलं आणि वहीत लिहिलं, ‘मृत, कारण अज्ञात’. मामांनी दुसऱ्या दिवशी बादलीत पाहिलं आणि न बोलता चार गोळ्या माझ्या टेबलावर कागदावर ठेवल्या. आठवड्याने त्यांतून माश्या निघाल्या. अळीच्या अंगात वाढणाऱ्या. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण त्या चार गोळ्यांवर उभं आहे, आणि आभाराच्या पानावर मामांचं नाव दुसरं आहे.

तेव्हा नियम: डब्यातून जे काही निघेल, माशी, गांधीलमाशीसारखं बारीक काहीतरी, नुसती गोळी, ते ज्या अळीतून निघालं तिच्या नंबरासकट ठेवायचं. गोळी उघड्या हवेत सुकू द्यायची नाही. ओलसर कापसावर, झाकणाला भोकं.

टाचणी

भुंगा टोचायचा उजव्या पंखकवचातून, पतंग छातीच्या मधोमध. टाचणी स्टेनलेस स्टीलची, ३८ मिलिमीटर. ऑफिसची टाचणी वापरलीत तर दोन पावसाळ्यांत गंजेल. टाचणीला न मावणारे बारीक भुंगे त्रिकोणी कार्डाच्या टोकावर डिंकाने. मी नव्या पोरांना आधी शंभर साधे किडे टोचायला लावते, मग महत्त्वाच्या नमुन्याला हात.

खरं काम लेबलचं. जिल्हा, तालुका, कक्ष, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, झाड, पकडणाऱ्याचं नाव. महिना रोमन आकड्यात, कारण ७/८ म्हणजे आपल्याला ७ ऑगस्ट आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञाला ८ जुलै, आणि नमुना ओळखायला कधीकधी तिकडेही जातो. लेबल त्याच संध्याकाळी. आपल्या तिसऱ्या कपाटात एक सुंदर मोठा शिंगाडा भुंगा आहे, मिशा अंगापेक्षा लांब. त्याच्या लेबलवर फक्त ‘हॉस्टेलमागे’ असं लिहिलंय. कुठलं हॉस्टेल, कुठलं साल, कोणी. दरवर्षी मॅडम नव्या बॅचला तो दाखवतात. त्याचा तेवढाच उपयोग.

कपाटात नॅप्थलीन आणि सिलिका जेल ऑगस्टमध्ये बदला. निळी सिलिका गुलाबी झाली की मामा ती तव्यावर परततात. हा तवा वेगळा आहे, त्याच्यावर लाल रंगाने लिहिलंय, त्यावर पापड भाजू नका. पेटीत किड्याखाली बारीक भुकटी दिसली तर वाळलेले किडे खाणारे भुंगेरे शिरलेत. अख्खी पेटी प्लॅस्टिकमध्ये बांधून फ्रीझरमध्ये, निदान आठवडाभर.

लोकांचे फोन

हे काम कुठल्याच प्रकल्पात लिहिलेलं नसतं आणि सगळ्यात जास्त तेच करावं लागतं. शेतकरी फोन करतात, फर्निचरवाले बाजेचा तुटलेला पाय घेऊन येतात.

बांबूतून पिठासारखी भुकटी पडते, हा नेहमीचा. तो घुण. बांबूतल्या पिष्टावर जगतो. जुना बांबू वाचवता येत नाही फारसा, पण पुढच्या वेळी हिवाळ्यात तोडा, कोवळा घेऊ नका, आणि काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवून सावलीत वाळवा. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना हे माहीत असतं. ते फक्त खात्री करायला विचारतात.

दुसरा बांधावरच्या सागाचा. ‘पूर्ण झाड खाल्लं, काय फवारू?’ आधी विचारा, कोणत्या महिन्यात आणि पान कसं दिसतं. ऑक्टोबर असेल आणि पानाची जाळी झाली असेल तर चहा प्या म्हणावं. नीलांबूरला ४ ते ८ वर्षांच्या सागाच्या लागवडीत केरळच्या संस्थेने मोजून पाहिलं होतं: जाळी करणाऱ्या अळीने वाढीत म्हणावा असा फरक पडला नाही, कारण ती वर्षाच्या शेवटी येते. पानं खाणारीने मात्र लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी ४४ टक्के घालवली. झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. जाडी भरायची राहते. पाच-दहा झाडांवर उंच विषारी फवारा मारण्यात पैसा जातो आणि ज्या माश्यांवर माझं तिसरं प्रकरण उभं आहे त्याही मरतात. हे तुम्ही समोरच्याला नीट सांगितलंत तर तो ऐकतो. घाईत सांगितलंत तर तो थेट कृषी केंद्रात जातो.

साल या झाडाचं कोणी विचारलं तर मॅडमकडे द्या. मध्य प्रदेशात मंडला, दिंडोरीकडे १९९६ नंतर सालाच्या खोडकिड्याने लाखो झाडं गेली. मॅडमच्या गाईडनी तिथे काम केलेलं. पावसात ताजे ओंडके कापून त्यांची टोकं ठेचायची, रसाच्या वासाने भुंगे जमतात, गावकरी ते वेचतात आणि मोजणीसाठी मुंडकी काढून देतात. मुंडकी मोजायला बसलेल्या माणसाची गोष्ट मॅडमकडून ऐका, चहाच्या वेळी. माझ्याच्याने ती तशी रंगत नाही.

एवढं झालं. राहिलेलं बारीकसारीक: मोठा चिमटा पुढे वाकलेला आहे तो वाकलेलाच हवा, सरळ करू नका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यातला पांढरा डबा आइस्क्रीमचा आहे, आत आइस्क्रीम नाही. चौथ्या शेल्फवरच्या कोषांना अजून नंबर दिलेले नाहीत, त्यांची यादी माझ्या निळ्या वहीत मागून तिसऱ्या पानावर आहे. आणि मामांना संध्याकाळी साडेसहानंतर फोन करू नका. त्या वेळी ते म्हशीची धार काढतात.